फिलेकच्या संगीतातली घरघर

बार्बरा वस्ती, १६ डिसेंबर १९५६

फिलेक,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे शेगडीत टाकलं नसशील, तर बस आणि वाच. चार वर्षांपूर्वी जर्मनीतल्या ग्लाडबेकच्या मामाकडून तू निरोप धाडलास, की त्रुदानं एर्विनशी लग्न केलं तर तिनं मला पत्र लिहू नये. मी लग्न केलं आणि पत्र लिहिलं नाही. दोन्हीचं मला वाईट वाटत नाही. आताही तुझ्याशी गोडीगुलाबी करायला बसलेली नाही. आईसाठी लिहितेय.

आईला वाटतंय, तू मेलास.

हसू नकोस, रागावूही नकोस, आधी ऐक. चार तारखेला खाणकामगारांच्या संत बार्बरेचा सण झाला. सकाळी खाणीचा बँड वस्तीतून फिरला. बाबांचं ते मोठं पितळी वाद्य आता कोत्सुरांचा मुलगा वाजवतो, आणि बेसूर वाजवतो. दुपारी मी बटाट्याचे गोळे आणि लाल कोबी केला होता. शेजारची पेलागिया मावशी नेहमीसारखी "मी काही खाणार नाही हं" म्हणत आली आणि दोनदा वाढून घेतलं. तिनंच बातमी आणली, की आज परदेशातल्या पोलिश रेडिओवर पॅरिसच्या तेओफिल गाव्लिकची, म्हणजे तुझी, 'रचना क्रमांक चार' लागणार आहे. आई म्हणाली, "क्रमांक चार! ट्राम आहे का ती? नावं सुचत नाहीत का त्याला?" पण आत जाऊन सणाचा एप्रन बांधून आली. तुझं संगीत ती मळक्या एप्रनमध्ये ऐकत नाही.

तो रेडिओ कुणाला ऐकू येऊ नये म्हणून सरकार त्यावर जी घरघर सोडायचं, ती गेल्या महिन्याच्या शेवटी बंद झाली. वरून हुकूम आला म्हणे. म्हणजे तुझं संगीत आम्ही पहिल्यांदाच स्वच्छ ऐकलं. एक व्हायोलिन, मग बराच वेळ काहीच नाही, मग कुणी लाकडावर टिचकी मारल्यासारखं, पुन्हा शांतता. मी बालवाडीत अकॉर्डियन वाजवणारी बाई असले तरी एकेकाळी मीही शिकलेय. चांगलं होतं. ओकंबोकं, पण चांगलं. आई मात्र मान पुढे काढून कशाची तरी वाट बघत होती.

"कुठाय?" ती म्हणाली.

"काय कुठाय?"

"पंखा. पंखा कुठाय, त्रुदा?"

मला काही कळेपर्यंत ती उठली होती. खुंटीवरची शाल ओढली आणि घरातल्या सपातांवर, बर्फातून, थेट खाणीच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. मी मागोमाग धावले. पहारेकरी बिचारा सारखा सांगत होता, "काकू, सगळं ठीक आहे, ऐका ना, चालू आहे पंखा." तो चालूच होता. आईनं तो ऐकला, मान हलवली आणि म्हणाली, "इथला चालू आहे. त्याचा बंद पडला."

आता तुला उमगलं असेल. नसेल, तर सांगते. चार वर्षं आम्ही जे ऐकत आलो त्यात तुझी व्हायोलिनं कुठेतरी खोल गाडलेली असायची आणि वर ती घरघर. आम्हाला माहीत होतं की तुझं काय आणि त्यांचं काय. आईला कुणी सांगितलंच नाही. तिला वाटलं, सगळंच तुझं. पहिल्याच खेपेला ती म्हणाली होती, "बघ, आपल्या खाणीचा पंखा घातलाय त्यानं. विसरला नाही." कितीतरी वर्षांनी ती तशी हसली होती. तिचं ते हसू मोडायचं धाडस मला झालं नाही, आणि मला त्याची लाजही वाटत नाही.

तू पॅरिसला राहून विसरला असशील. तो पंखा खाली हवा लोटत असतो तोवर वस्तीत तो कुणाला ऐकूही येत नाही. थांबला की झोपलेली पोरंसुद्धा उठून बसतात, आणि बाया असतील तशा फाटकाकडे धावतात. बाबा गेले त्या दिवशी आई अशीच धावली होती. तू आठ वर्षांचा होतास, तिच्या एप्रनला धरून.

पेलागिया मावशीनं समजावलं, "अगं, नाव घेतलं ना त्यांनी त्याचं! गाव्लिक म्हणाले!" आई म्हणाली, "नाव काय, थडग्यावरही असतं."

तिला स्वतःच्या हातानं चार ओळी लिही. एवढंच मागतेय. परत ये म्हणत नाही. आलास तर पुन्हा जाऊ देतील की नाही, ते मला ठाऊक नाही.

सरकारनं लादलेलं नाव गेलं, आपल्या शहराला त्याचं जुनं नाव परत मिळालं. पाट्या रंगवायच्या राहिल्यात.

त्रुदा


बार्बरा वस्ती, ६ जानेवारी १९५७

फिलेक,

कार्ड मिळालं. "मी जिवंत आहे. काम चालू आहे. तेओफिल." टाइप केलेलं!

तुझ्या हाताला लकवा भरलाय का? आईनं चष्मा लावून ते उलटंसुलटं पाहिलं, बोटानं अक्षरं चाचपली आणि मेणकापडाखाली सरकवून दिलं. "तुझ्या बाबांच्या वेळीही टाइप केलेलंच आलं होतं," म्हणाली. बस्स.

आता नाताळचं सांगते, म्हणजे तुझ्या कार्डाची किंमत तुला समजेल. दर वर्षी आई चर्चमधून आणलेल्या त्या पातळ पांढऱ्या पापडीचा एक कोपरा मोडून खाते आणि उरलेली पाकिटात घालून मामाकडे धाडते, तुझ्यासाठी. पोस्टात तिचा चुरा होतो हे तिला माहीत आहे. तरी धाडते. तू ती खायचास की नाही, देव जाणे. यंदा मी पाकीट तयार ठेवलं, पत्ता लिहिला. तिनं पापडी मोडली. एक तुकडा मला, एक एर्विनला, एक पेलागिया मावशीला. पाकिटाकडे बघितलंही नाही.

"आई, फिलेकची?"

"मेलेल्याला पोस्टानं पापडी जात नाही, त्रुदा."

मग टेबलावर दर वर्षी एक ताट रिकामं असतं ना, वाटसरूचं, तिथे तिनं तुझा तो शाळेतला फोटो नेऊन ठेवला. कानावर टोपी ओढलेला. मासा कुणाच्या घशाखाली उतरेना. पेलागिया मावशीसुद्धा एकदाच वाढून घेऊन थांबली. यावरून काय ते ओळख.

आईची तब्येत बरी आहे.

एर्विन आता टेकडीवर जात नाही. तिथलं काम बंद झालं. त्याला खाणीच्या दिवाघरात लावलंय, पाळी संपली की खाणकामगारांचे दिवे गोळा करायचे आणि चार्ज करायचे. तू विचारलं नाहीस, पण मी सांगितलं.

हातानं लिही.

त्रुदा


बार्बरा वस्ती, २८ एप्रिल १९५७

फिलेक,

मोठं पत्र पाठवलंस. या खेपेला हातानं लिहिलेलं. पण आईला नाही, मला! आणि त्यात शिव्या! आईला हे वाचून दाखवू का? "एकेका स्वरावर मी महिनोन्महिने घालवतो, एकेक शांतता तोलून ठेवतो, आणि माझ्या आईला काय आवडलं, तर सरकारी गोंगाट! आणि तो करणारा कोण, तर तुझा नवरा!"

तू एकदाचं लिहिलंस म्हणून मीही सरळ लिहिते. होय, एर्विन टेकडीवरच्या सरकारी यंत्रातून ती घरघर सोडायचा. सगळी वस्ती जाणते, आईखेरीज. तिच्या लेखी तो 'सरकारी विजेचं काम' करायचा. रविवारी आम्ही इथे तुझं संगीत लावून बसायचो तेव्हा तो तिथे पाळीवर असायचा. मी एकदा त्याला म्हटलं होतं, "आमच्यापुरती जरा कमी कर ना, फिलेकचं लागणार आहे." तो म्हणाला, "त्रुदा, माझ्यावरही ऐकणारा माणूस बसवलेला असतो." आणि कमी केली नाही. त्या रात्री मी त्याच्याशी बोलले नाही. आता बोलते, कारण तुला काही गोष्टी माहीत नाहीत.

तू पॅरिसला स्पर्धेसाठी गेलास आणि तिथेच राहिलास. छान केलंस. तुझं संगीत इथे चुरगळलं गेलं असतं, हे मलाही कळतं. पण तू राहिलास आणि इथे माझी संगीतशाळेतली नोकरी गेली. आईला हे घर रिकामं करायला सांगायला दोन माणसं आली. ती माणसं पुन्हा का आली नाहीत, असं तुला कधी वाटलं नाही? खाणीच्या अपघातात एर्विनच्या फुप्फुसात धूळ गेली, खाली उतरायची बंदी झाली, तेव्हा त्याच्यापुढे टेकडीवरचं काम ठेवलं गेलं. त्यानं "बायकोच्या आईचं घर राहू द्या" एवढं बोलून ते घेतलं. आमचं लग्न तेव्हा व्हायचं होतं. घर राहिलं. तू मामाकडून निरोप धाडलास.

मी त्याची वकिली करत नाही. त्याला स्वतःलाही ती नको आहे. पण तू तिथे बसून न्यायाधीश होऊ नकोस, एवढंच.

आणि आता हे वाच, मग हवं तेवढं रागाव. ईस्टरच्या आदल्या रविवारी पुन्हा तुझं काहीतरी लागणार होतं. एर्विननं दिवाघरातून एक लहान मोटर आणली आणि मला न सांगता कपाटाच्या मागे, रेडिओच्या पाठीला ठेवून दिली. तुझं व्हायोलिन सुरू झालं तशी त्यानं हळूच ती चालू केली. घरघर आली. अगदी तशीच. पेलागिया मावशी तर छातीवर क्रूस करून "आला गं बाई, आला!" म्हणून ओरडली. माझ्याही अंगावर काटा आला.

आईनं थोडा वेळ ऐकलं. मग उठली, कपाटाला वळसा घालून मागे गेली, वाकली आणि मोटर बंद केली.

"हा तुझा हात आहे, एर्विन," ती म्हणाली. "माझ्या पोराचा नाही."

चार वर्षं जो हात तिनं तुझा समजून ऐकला, तो! एर्विन उठून गेला. मागच्या अंगणात कबुतरांच्या खुराड्याशी जाऊन उभा राहिला. मी गेले तर म्हणाला, "म्हातारीचा कान फार तिखट आहे." आणि खोकत बसला. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी कबुतरांना दाणे टाकले.

तुला तुझ्या शांततांचं पडलंय. इथे एक बाई त्या शांततांमुळे तुझं सुतक पाळतेय.

त्रुदा


बार्बरा वस्ती, ३ नोव्हेंबर १९५७

फिलेक,

एप्रिलनंतर तू गप्प आहेस. मी फार बोलले असेन. माफी मागणार नाही.

परवा सगळ्या मृतांचा दिवस होता. आम्ही दर वर्षीसारखे शेवंतीची कुंडी घेऊन बाबांच्या थडग्यावर गेलो. सगळी वस्ती तिथेच होती. आईनं पिशवीतून मेणबत्ती काढून बाबांची लावली. मग दुसरी काढली.

"ही कुणाची?" मी विचारलं, तरी मला माहीत होतं.

"त्याचं थडगं तिकडे कुठे असेल, कोण लावणार? बापाशेजारी लावते."

वारा होता, काडी पेटेना. तिनं एर्विनला सांगितलं, "जरा आडोसा धर." आणि एर्विननं टोपी काढून आडोसा धरला. मी त्याच्याकडे असं बघितलं, की जाळून टाकीन. नंतर त्याला म्हणाले, "जिवंत माणसाच्या मेणबत्तीला तू आडोसा धरलास?" तो म्हणाला, "तिच्या काड्या संपत आल्या होत्या गं. मी तरी काय करणार होतो?"

लोकांनी पाहिलं. आपल्या वस्तीत पाहिलेलं घरी जाण्याआधी सगळीकडे पोचतं. संध्याकाळी पेलागिया मावशी खसखशीचा केक घेऊन आली आणि दारातच रडायला लागली. "मावशी, तो जिवंत आहे, मला शिव्या लिहितो!" असं मी म्हटलं तर ती मला कुशीत घेऊन म्हणाली, "होय गं बाळा, होय." बँडच्या म्होरक्यानं विचारलं, बसवायचं का काही तुझ्यासाठी. आज चर्चमध्ये फादरनं तुझ्या आत्म्याच्या शांतीसाठी प्रार्थना असल्याचं वाचून दाखवलं. मी मधल्याच ओळीत उभी राहिले आणि म्हटलं, "फादर, माझा भाऊ मेलेला नाही." आई माझी बाही ओढून म्हणाली, "बस खाली. तिला अजून पटत नाही, फादर." सगळं चर्च माझ्याकडे कीव करून बघत होतं. जन्मात इतकी अपमानित झाले नव्हते.

तेव्हा अभिनंदन. तू आता इथे अधिकृतरीत्या मेला आहेस.

तुझं एप्रिलचं पत्र मी शेवटी तिला दाखवलंच. शिव्यांचं नाही, शेवटचं पान, जिथे तू विचारतोस की गुडघ्याला ते जुनं मलम लावते का. ती म्हणाली, "तुझं आणि त्याचं अक्षर सारखंच. दोघांनाही बाबांनीच शिकवलं. तू दमतेस गं, नको लिहीत बसू." आता मी काय करू, सांग? अक्षर खोटं, टाइप खोटं, नाव खोटं, मी खोटी. तिला एकच गोष्ट खरी वाटते, तो पंखा.

जानेवारीच्या पत्रात आईची तब्येत बरी आहे असं लिहिलं ते खोटं होतं. उन्हाळ्यापासून तिला जिना चढवत नाही. झोप तर बार्बरेच्या त्या सणापासूनच नाही. रात्रभर खाटेवर बसून असते, पाय खाली सोडून, धावायला तयार असल्यासारखी. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय. झोपायला हवं. मी म्हटलं, झोपेचं औषध पॅरिसला मिळतं.

त्रुदा


बार्बरा वस्ती, १९ ऑक्टोबर १९५८

फिलेक,

बदमाश! एक ओळ न लिहिता दीड वर्ष काढलंस, आणि मला कळलं ते ट्रामच्या थांब्यावर चिकटवलेल्या पोस्टरवरून. "तेओफिल गाव्लिक, रचना क्रमांक सात, प्रथमच." तुझं नाव! भिंतीवर! छापलेलं! मी बालवाडीतल्या पोरांच्या घोळक्यात भर रस्त्यात उभी राहून तीनदा वाचलं. पोरं विचारत होती, बाई, तुम्ही रडताय का?

आईला न्यायचं ठरवलं. ती म्हणाली, "मेलेल्या पोराचं गाणं ऐकायला शहरात कशाला?" पेलागिया मावशीनं बाजू घेतली, "अगं, फुकटची खुर्ची आहे, मखमलीची!" एर्विन आणि कोत्सुरांच्या मुलानं आईला खुर्चीसकट जिन्यावरून खाली आणलं. ती वरून हुकूम सोडत होती, "हळू रे, मी काय कोळसा आहे?" एर्विन लग्नातला कोट घालून आला होता. यायचं नव्हतं त्याला. "मी कुठल्या तोंडानं जाऊ?" म्हणत होता. मी म्हटलं, आईला कुणी उचलायचं मग?

आधी दुसऱ्या कुणाकुणाचं वाजलं. आईनं चॉकलेट खाल्लं. मग तुझं.

सुरुवातीला तेच, तुझं नेहमीचं. एकटं व्हायोलिन, टिचकी, शांतता. आईचे पाय मी बघत होते. तिनं ते खुर्चीखालून पुढे काढले, खाटेवर बसते तसे. मी तिचा हात धरून ठेवला. मनात म्हटलं, आता ही उठून चालायला लागली तर काय करायचं?

मग मागच्या रांगेतली मोठी तंतुवाद्यं सुरू झाली. किती हळू! आधी वाटलं, बाहेरून काहीतरी जातंय. एक सूर नाही, सूर एकमेकांना चिकटून दाटीवाटीनं उभे, त्यांची एक जाड पट्टी झालेली. ती फुगत गेली, हेलकावत गेली, व्हायोलिनवर चढली आणि व्हायोलिन तिच्याखाली गाडलं गेलं. तरी आतून बारीक ऐकू येत होतं, चार वर्षं आम्ही कान लावून शोधायचो तसं. हे तुला कसं जमलं? त्या रेडिओवाल्यांनी इथली घरघर टेपवर धरून ठेवली असेल आणि तू ती मागवून ऐकली असशील. हो ना? मी चिडून तुला लिहिलं आणि तू बसून ती घरघर सूर सूर करून कागदावर उतरवलीस. एका अक्षरानं कळवलं नाहीस.

आईनं माझा हात दाबला.

"चालू झाला," ती म्हणाली. मोठ्यानं. पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिलं. आईनं त्यांनाही सांगितलं, "माझ्या मुलाचा आहे. जिवंत आहे तो." त्या बाई भल्या होत्या, "अभिनंदन" म्हणाल्या.

पुढचं ऐकून रागावू नकोस. आई झोपली. तुझ्या रचनेच्या ऐन मध्यावर, डोकं माझ्या खांद्यावर टाकून, तोंड उघडं ठेवून. अर्धं सभागृह शिट्ट्या मारत होतं, अर्धं त्यांना गप्प करत होतं, कुणीतरी "हे संगीत आहे की कारखाना?" म्हणून ओरडत होतं, आणि आई घोरत होती. पंखा चालू असला की वस्ती झोपते. दोन वर्षांची झोप तिनं तिथे घेतली. टाळ्यांनीही जागी झाली नाही. यापेक्षा मोठी दाद तुला पॅरिसमध्ये मिळाली असेल, तर मला कळव.

आता दुसरं. एर्विन माझ्या पलीकडे बसला होता, टोपी मुठीत. घरघर सुरू झाली तसा तो ताठ झाला. थोड्या वेळानं माझ्या कानाशी म्हणाला, "हा खाणीचा पंखा नव्हे, त्रुदा. खाणीच्या पंख्याला हेलकावा नसतो. तो एका लयीत चालतो. हा हेलकावा टेकडीवरचा आहे." मग थांबून म्हणाला, "माझा आहे."

मी आईचं डोकं खांद्यावर सावरून घेतलं.

"त्यानं मला घेतलंय यात," तो म्हणाला. "शिवी आहे का गं ही?"

मला माहीत नाही, असं मी त्याला सांगितलं. मला खरंच माहीत नाही. तुलाच विचारते. ट्राममध्ये तो सबंध वाट खिडकीकडे तोंड करून उभा होता. आई मात्र ताजीतवानी होऊन पेलागिया मावशीला सांगत होती, की क्रमांक सात क्रमांक चारपेक्षा पुष्कळ बरा आहे.

आणि आता माझा राग, तो मी गिळणार नाही. शंभर वादकांना कामाला लावून तू आईला सांगितलंस की तू जिवंत आहेस. सुंदर सांगितलंस. पण मला? मी दोन वर्षं हातानं लिहितेय. मला एक ओळ लिहायला तुला शाई पुरत नाही?

त्रुदा


बार्बरा वस्ती, १४ डिसेंबर १९५८

फिलेक,

तुझी ओळ मिळाली. एकच आहे, पण माझ्या नावानं आहे. "त्रुदा, शिवी नव्हती. सुरुवात केली तेव्हा होती." मी ती एर्विनला वाचून दाखवली. त्यानं कागद मागून घेतला, स्वतः वाचला, घडी घातली आणि परत दिला. मग कबुतरांकडे गेला. या खेपेला मी मागे गेले नाही.

मृतांच्या दिवशी आईला उचलून नेणं जमलं नाही, म्हणून तिनं मला पाठवलं. एकच मेणबत्ती दिली. "बाबांची," म्हणाली. "आणि फादरना सांग, त्या प्रार्थना ज्याला लागतील त्याला देऊन टाका, आमच्याला लागत नाहीत." फादर हसले. पेलागिया मावशीला तिचा खसखशीचा केक आठवून भारी वाईट वाटलं.

आई आता उठत नाही. डॉक्टर काय म्हणाले ते मी लिहिणार नाही, तू समजून घे. त्रास नाही तिला. झोपते. खिडकी थोडी उघडी ठेवायला लावते, खाणीचा पंखा ऐकू यावा म्हणून. डोळे मिटून मला विचारते, "हा इथला की त्याचा?" मी म्हणते, दोन्ही. ती तुला बोलाव म्हणत नाही. "त्याची पाळी चालू आहे," म्हणते. बोलवायचं मी म्हणते. कागदपत्रांचं काय ते तू बघ. आलास आणि अडकवून ठेवलं तर मला दोष देशील, माहीत आहे. दे. तरी म्हणते, ये. लवकर ये.

सोबत पापडी आहे. आईनं यंदा नाताळची वाट न बघता काल चर्चमधून मागवून घेतली. एक कोपरा तिनं मोडला आणि तोंडात टाकला, चावता येत नाही, विरघळू दिला. मी उरलेली पाकिटात घालत होते, तर एर्विन दारात उभा. किती वेळ उभा होता कोण जाणे. हात धुऊन आला होता, दिवाघरातलं काळं तरीही नखांत राहतंच.

आईला म्हणाला, "मी मोडू का एक?"

आईनं त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातून पापडी घेऊन तिनंच त्याच्यासमोर धरली. "मोड," ती म्हणाली. "पण हळू, चुरा करू नकोस. लांब जायचीये."

तेव्हा पापडीचे दोन कोपरे गेलेत, ते पोस्टात मोडले असं समजू नकोस. एक आईचा, एक एर्विनचा. पापडी एकच आहे, फिलेक. आईची बाजू तेवढी खाऊन त्याची टाकून देता येणार नाही. सगळी खा, किंवा सगळी परत पाठव.

त्रुदा